पुन्हा मास्तरकी

या सदरातून आम्ही बहुधा परक्यांच्या घरच्या प्रश्नांवर चार शब्द लिहीत आलो. परक्याच्या घरचा प्रश्न सोडविणे सोपे असते; उत्तर चुकले तरी रात्री आपली झोप मोडत नाही. या खेपेस मात्र प्रश्न आमच्याच ओसरीवर येऊन बसला, आणि त्याचे उत्तर शोधताना आमची स्वतःची एक जुनी चूक आम्हांस कबूल करावी लागली. तीच येथे सांगतो. ज्या घरांत असा प्रश्न आज ना उद्या उभा राहील त्यांस तिचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव विजेचे इंजिनिअर. वय आता ३४. चाकणकडील एका कारखान्यात चांगली नोकरी, पुण्यास कर्ज काढून घेतलेली जागा, सूनबाई बँकेत, आणि एक पाच वर्षांची कन्या. दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीस सारे घर कृष्णाकाठच्या आमच्या गावी जमले होते. पंगत ताकभातापर्यंत आली असता चिरंजीव शांतपणे म्हणाले, “मी नोकरी सोडून शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणतो आहे.”

वाढणारांचे हात थांबले. आमच्या मातोश्रींस ऐकू कमी येते, त्यांनी “काय म्हणाला?” असे दोनदा विचारले, पण सांगावयास कोणी धजेना. बंधू पोस्टातून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे. ते आमच्याकडे वळून म्हणाले, “दादा, ऐकलेत ना? हा तुमचा गुण.”

यात थोडा राग होता आणि थोडे सत्य होते. वाचकांस ठाऊकच आहे की, आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृत पाठशाळेत शिकलो आणि सारा जन्म मास्तरकीत काढला. चिरंजीवांचे बालपण आमच्याच मांडीवर गेले. परंतु बंधूंस जे ठाऊक नव्हते ते आम्हांस त्या रात्री आठवले, आणि आम्ही हात धुवावयास उठलो ते मागच्या अंगणात बराच वेळ उभे राहिलो.

गोष्ट २००७ सालची. दहावीचा निकाल लागला, पोरास उत्तम गुण पडले. पेढे घेऊन तो प्रथम आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, मी तुमच्यासारखा मास्तर होणार.” आम्ही त्यास तुळशीपाशी नेऊन बसविले व म्हणालो, “मास्तरकी या घरात एक पुरे. तू इंजिनिअर हो. घरात पुन्हा हा विषय नको.” पोर गुणी, त्याने विषय काढला नाही. आमच्या त्या बोलण्यास कारण होते. नोकरीच्या आरंभी पगार वेळेवर होत नसे. वाण्याची वही संस्थेच्या कृपेवर चाले. भावंडांच्या लग्नांत आमची बाजू नेहमी लंगडी पडे. हे पुतण्याच्या वाट्यास येऊ नये, इतकेच मनात होते. पण मुलास उमगले ते निराळे. ज्या कामाची थोरवी आम्ही वर्गात आणि समारंभांत सांगत असू, ते काम आम्ही स्वतःच खालच्या पायरीचे मानतो, असे त्यास उमगले. त्याची ती समजूत चुकीची होती, असे आज आम्हांस म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर घरची सभा भरली. प्रत्येकाच्या बोलण्यात तथ्य होते. बंधूंनी कर्जाचा हप्ता सांगितला. वहिनींनी नातीचे शिक्षण काढले. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी टिळक-आगरकरांचा दाखला दिला, की १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभी राहिली ती मोठ्या पगाराकडे पाठ फिरविणाऱ्या तरुणांमुळेच. दाखला थोर आहे. पण थोरांच्या दाखल्याने हप्ता भरला जात नाही. शिवाय अशा त्यागांचा अर्धा भार घरच्या बायकांनी वाहिलेला असतो आणि चरित्रग्रंथांत त्यास एखादी ओळ मिळते. आम्ही सूनबाईंकडे पाहिले. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. भाजी निवडीत राहिल्या. आम्हीही त्या दिवशी मत दिले नाही. “आधी नियम पाहू, मग बोलू,” एवढेच म्हणालो.

नियम पाहिले ते असे. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ सालच्या नियमांप्रमाणे विज्ञान-गणिताचा पाया असलेल्या इंजिनिअरिंग पदवीधरास ५५ टक्के गुण असल्यास बी.एड.ची वाट मोकळी आहे. त्याच नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावयाचे ठरले. चार वर्षांची पदवी असणारांस तो अभ्यासक्रम एका वर्षाचा करावा, असा मसुदा २०२५ साली निघाला. तेव्हा प्रवेश घेणाराने त्या त्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत, ऐकीव माहितीवर राजीनामा लिहू नये. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. त्याच्या आधारे पहिली ते आठवीच्या शिक्षकास पात्रता परीक्षा आवश्यक झाली. सहावी ते आठवीस विज्ञान शिकवू पाहणाराने तिचा दुसरा पेपर द्यावयाचा असतो. गुण १५०, त्यांपैकी गणित व विज्ञान मिळून ६०, उरलेले बालमानसशास्त्र व दोन भाषा यांस. इंजिनिअर गणितात सहज तरतो, भाषेत मात्र गटांगळ्या खातो, हे आम्ही घरीच पाहिले.

पुढे सरकारी व अनुदानित शाळांतील जागांसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. ती पहिल्याने २०१७ साली झाली, दुसरी थेट २०२३ साली, आणि तिसरी २०२५ साली. म्हणजे परीक्षा दिली आणि नोकरी लागली असा हा सरळ हिशेब नव्हे. मध्ये वाट पाहण्याची वर्षे धरावी लागतात. निवड झाल्यावरही प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावयाचे. हे मानधन २०२३ साली वाढविले तेव्हा माध्यमिकास दरमहा १८,००० रुपये ठरले. खासगी शाळांचे पगार त्या त्या शाळेच्या मर्जीप्रमाणे. काही ठिकाणी बरे, काही ठिकाणी सांगू नयेत असे.

आम्ही हे सारे एका कागदावर मांडले. दोन वर्षे शिक्षण, पुढे वाट पाहण्याचा अनिश्चित काळ, मग तीन वर्षे मानधन. कमीत कमी पाच वर्षे घर दुसऱ्याच्या पगारावर चालावयाचे. कागद चिरंजीवांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचून घडी घातली आणि म्हणाले, “काका, हे मी आधीच मांडून पाहिले आहे. माझा आकडा तुमच्यापेक्षा वाईट आहे.” पोर हवेत नाही, हे तेव्हा प्रथम पटले.

तरीही एक शंका उरली आणि ती आमच्या धंद्यातली होती. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद राजापुढे येतो. तेथे परिव्राजिका असा विचार मांडते की, काहींची विद्या त्यांच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, काहींस ती दुसऱ्यात उतरविण्याची हातोटी असते. दोन्ही ज्यास साधले त्यास अग्रस्थान द्यावे. पुढची मौज अशी की, परीक्षा आचार्यांची, पण नाचून दाखवावयाचे शिष्येने. चिरंजीवांस वीज येत होती, यात संशय नव्हता. ती दुसऱ्यात उतरविता येते की नाही, हे कोणासच ठाऊक नव्हते, त्यांनाही नव्हते.

म्हणून आम्ही सुचविले की, राजीनाम्यापूर्वी शाळेत उभे राहून पाहावे. पुण्यातील एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी शनिवारी सकाळी आठवीच्या वर्गावर एक तास देऊ केला. चिरंजीवांस त्या दिवशी सुटी असे. पहिल्या तासास आम्हीही मागच्या बाकावर जाऊन बसलो.

तास साफ फसला. चिरंजीवांनी फळा भरून ओहमचा नियम मांडला; अक्षर सुरेख, मांडणी बिनचूक. मुले मुकाट्याने उतरवून घेत होती, आणि मुकाटपणे उतरवून घेणारा वर्ग म्हणजे काय हे आम्हांस चाळीस वर्षांत कळलेले आहे. शेवटी एका मुलीने हात वर केला. “सर, बटण दाबले की दिवा लगेच लागतो. मग वीज इतक्या लांबून इतक्या लवकर कशी येते? फार पळते का?” चिरंजीव उत्तरले, पण त्या उत्तरात क्षेत्र, विभव, तरंग असे शब्द एकामागून एक आले आणि मुलगी “बरं सर” म्हणून खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते. तिने केवळ मोठ्यांचा मान राखला.

घरी येताना चिरंजीव रिक्षात बोलले नाहीत. रात्री म्हणाले, “काका, तिला काय हवे होते ते मला माहीत आहे. मला ते सांगता आले नाही.” आम्ही म्हणालो, “हे ज्यास पहिल्या दिवशी कळले तो अर्धा मास्तर झाला. उरलेला अर्धा आठवडाभर शोध.”

पुढल्या शनिवारी ते गवंड्याकडून पातळी काढावयाची पारदर्शक नळी मागून घेऊन गेले. नळी वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबविली आणि पाण्याने पुरती भरली. एका टोकास पिचकारीने थोडे पाणी ढकलले. त्याच क्षणी दुसऱ्या टोकाशी थेंब पडला. “हा थेंब मी आत्ता घातलेला आहे का?” त्यांनी विचारले. वर्गात एकच गलका झाला. नाही, तो आधीपासूनच तेथे होता! मग त्यांनी सांगितले की, तारेतही विद्युत्कण आधीपासून भरलेले असतात. टॉर्चच्या तारेत ते स्वतः इतके सावकाश सरकतात की, सेकंदास एक मिलिमीटरही पुढे जात नाहीत. मुंगी त्यांस सहज मागे टाकील. घरच्या विजेत तर ते जागच्या जागी सेकंदास ५० वेळा हेलकावे घेतात. पळतो तो धक्का, आणि त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या पंक्तीत बसणारा. त्या मुलीने क्षणभर विचार केला आणि पुन्हा हात वर केला: “मग सर, नळीत मध्ये हवा राहिली तर?” चिरंजीव आमच्याकडे पाहून हसले. आम्ही त्यानंतर मागच्या बाकावर बसावयास गेलो नाही.

तीन पिनांच्या प्लगचा पाठ त्यांनी दिवाळीनंतर घेतला. वरची पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड का? लांब अशासाठी की, प्लग खोवताना मातीशी नाते प्रथम जुळावे आणि काढताना शेवटी तुटावे. जाड अशासाठी की, ती भलत्या छिद्रात जाऊ नये. मुलांस घरचे प्लग मोठ्या माणसांसमक्ष, वीज बंद करून, नुसते पाहून येण्यास सांगितले. एका मुलाने येऊन सांगितले की, त्यांच्या पाण्याच्या मोटरीची हिरवी तार कापून चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली आहे. त्या मोटरीपाशी त्याची आई रोज ओल्या पायांनी उभी राहत असे. चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी वडिलांस फोन करून तार जोडून घ्यावयास लावली. पुढल्या शनिवारी ते वडील शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, नमस्कार केला आणि निघून गेले. चिरंजीव म्हणाले, “बारा वर्षांत मी पुष्कळ यंत्रे सुरक्षित केली. पण अशा नमस्काराचा धनी झालो नव्हतो.”

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. वरिष्ठांस कंटाळून जो शाळेकडे वळतो, त्याने लक्षात ठेवावे की शाळेतही वरिष्ठ असतात. शिवाय जनगणना आणि निवडणूक ही कामे कायद्यानेच शिक्षकाकडे दिलेली आहेत. माहिती भरण्याचे कागद निराळे. साठ मुलांच्या वर्गात रोज पिचकारी आणि नळी चालत नाही. अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तीच धडा-उजळणी दरसाल नव्या मुलांसाठी नव्या उमेदीने करावी लागते, आणि इंजिनिअरास हेच जड जाते. यंत्र एकदा दुरुस्त झाले की झाले. वर्ग दरवर्षी जूनमध्ये पुन्हा कोराच असतो. जो केवळ सुटकेसाठी येतो तो दुसऱ्या जूनला खचतो. ओढीने येणारा टिकण्याचा संभव असतो; खात्री त्याचीही देता येत नाही.

आधी चाचपून मग पाऊल टाकण्याची रीत नवी नव्हे. श्री. अरविंद गुप्ता यांचे नाव पुष्कळ वाचकांस परिचित असेल. कानपूरच्या आय.आय.टी.तून ते विजेचे इंजिनिअर झाले आणि पुण्यास टेल्कोत नोकरीस लागले. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, ज्यास २०२२ पासून नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली १६ शाळांतून प्रयोगांवर आधारलेल्या विज्ञानशिक्षणाचे काम सुरू झाले होते. गुप्ता १९७८ साली वर्षभराची रजा काढून तेथे गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृती उभ्या करण्याची त्यांची युक्ती त्याच काळातली. पुढे त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान हेच जन्माचे काम केले, पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात वर्षानुवर्षे खेळणी घडविली आणि २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पण आमचे लक्ष पद्मश्रीकडे नाही, त्या वर्षभराच्या रजेकडे आहे. होशंगाबादचा तो उपक्रम शासनाने २००२ साली बंद केला, हेही सांगितले पाहिजे. चांगले काम आहे एवढ्याने ते टिकतेच असे नाही, हे या वाटेने जाणाराने आधीच जाणून असावे.

मार्चमध्ये परीक्षा जवळ आल्यावर शनिवारचे तास थांबले, आणि सूनबाई प्रथमच आमच्याशी या विषयावर बोलल्या. “काका, मी विरोधात नाही. मला एकच कळत नव्हते. हे तिकडून पळताहेत की इकडे जाताहेत?” आम्ही विचारले, “आता काय वाटते?” त्या म्हणाल्या, “शुक्रवारी रात्री नळ्या आणि भिंगे जमवताना घरात शीळ ऐकू येते. पाच वर्षांत ऐकली नव्हती.” मग पर्समधून कागद काढून त्यांनी अटी वाचल्या. आणखी एक वर्ष नोकरी करावयाची आणि त्या वर्षीचा बोनस, साठवण सारे कर्जात भरून हप्ता खाली आणावयाचा. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावयाची नाही. घराचा खर्च त्यांच्या पगारात बसेल असा आत्तापासूनच करून पाहावयाचा. आणि पाच वर्षांनी, जमले नाही असे दिसल्यास, कोणी कोणास बोल न लावता पुन्हा विचार करावयाचा. आमच्या कागदापेक्षा हा कागद शहाणा होता. सभेत ज्या व्यक्तीस आम्ही कोणीच विचारले नव्हते, तिनेच सारे नीट जुळविले.

वर्ष तसेच पार पडले. यंदा चिरंजीवांनी बी.एड.ला नाव घातले. मातोश्रींस आता सारे समजले आहे, त्या म्हणतात, “मास्तरांच्या घरात मास्तर झाला, त्यात एवढे काय?” बंधूंचे मन अद्याप वळलेले नाही. ओसरीवर कोणी आले की, “चिरंजीव इंजिनिअर आहेत,” असेच ते सांगतात आणि विषय पावसाकडे नेतात. आम्ही त्यांस दोष देत नाही. मुलाच्या फीसाठी त्यांनी सायकलवर टपाल वाटून साठविलेला पैसा आम्ही पाहिला आहे. तो पैसा वाया गेला नाही हे त्यांस पटेल तेव्हा पटेल. ते पटवून देणे आमच्या शब्दांचे काम नव्हे.

आमचे एक देणे मात्र राहिले होते. प्रवेश झाल्यावर चिरंजीव पाया पडावयास आले तेव्हा त्यांस पुन्हा तुळशीपाशी नेले आणि म्हणालो, “२००७ साली या जागी मी तुला जे सांगितले ते भीतीने सांगितले. त्याने तुझी काही वर्षे गेली. मला वाईट वाटते.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काका, तेव्हा मास्तर झालो असतो तर ती नळी गवंड्याकडे असते हे मला कोठून कळले असते?” हे खरे की आमचे मन राखण्यासाठी, ते आम्हांस सांगता येत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा बेत शिजत असेल त्यांनी प्रथम घरच्या सुनेस विचारावे, मग शनिवारचा एक तास मिळवावा, आणि त्यानंतर नियमांचा कागद हाती घ्यावा. आम्ही हाच क्रम उलटा धरला होता. ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांनी आपला अनुभव, बरा असो की वाईट, आम्हांस अवश्य लिहून कळवावा.